दारावरच्या दोन रिकाम्या जागा

टप, टप, टप, मग जरा थांबून आणखी एक टप. पत्र्याच्या साच्यावर राठ केसांचा ब्रश उभा धरून ठोकला की हा आवाज येतो. माझ्या कानात साठलेला पहिला आवाज हाच. आईच्या हाकेच्याही आधीचा. शेवटची टप बाबा कोपऱ्यात मारायचे, रंग कडेला नीट बसावा म्हणून.

त्या आवाजाला स्मरून मी, आकडे रंगवणाऱ्याचा मुलगा आणि स्वतः जन्मभर आकडे रंगवलेला, ज्याला ही गल्ली आकडेकाका म्हणते तो, लिहून ठेवतो की माझे मन ठिकाणावर आहे. गोंधळलेले आहे, पण ठिकाणावर आहे. दोन्ही एकदम कसे असेल, असे वकीलबाईंनी विचारले. मी म्हणालो, चष्मा घरातच असतो आणि तरी सापडत नसतो, तसे. त्यांनी सुस्कारा सोडला. कोणाच्या धाकाने, दडपणाने वा भुरळीने मी हे लिहीत नाही. वकीलबाई समोरच्या उंच स्टुलावर बसल्या आहेत, पण त्यांचे दडपण म्हणण्याइतके नाही.

वाचणाऱ्याला आधी आमच्या दारावरच्या फळीबद्दल सांगितले पाहिजे, नाहीतर पुढचे काही लागणार नाही.

आमचा धंदा साच्यांनी आकडे रंगवण्याचा. घरांची दारे, नाट्यगृहाच्या खुर्च्या, होड्या, पेट्या, वर्गातली बाके, जिथे आकडा लागेल तिथे आम्ही. बाबांनी स्वतः पत्रा कापून साचे केले होते. आकडे दहा, पण साचे नऊ. कारण पत्र्यातला तीन पालथा घातला की सहा उमटतो. शेपटीला हाताने जरासे वळण द्यावे लागते, एवढेच. हे आमच्या घराण्याचे कसब होते आणि पत्र्याची बचतही.

काम नसले की बाबा आम्हा भावंडांना, म्हणजे ताईला आणि मला, एक कोडे घालायचे. एक पाहुणा आला, त्याच्यासाठी एक आकडा मांडा. दुसरा आला, शेजारी दुसरा आकडा मांडा. आता जी संख्या झाली ती दोघांत सारखी वाटली गेली पाहिजे, काही उरता कामा नये. तिसरा आला, तिसरा आकडा, तिघांत वाटणी. असे दहा पाहुणे आणि दहा आकडे, शून्यापासून नवापर्यंत प्रत्येक एकदाच. मी चौथ्या पाहुण्यापर्यंत कंटाळायचो आणि खिडकीशी जाऊन कविता म्हणायचो. ताईने मात्र शाळेची एक अख्खी सुट्टी कारखान्याच्या फरशीवर खडू घेऊन काढली, आणि एका दुपारी ती मांडणी तिला सापडली. बाबांनी एकेक वाटणी स्वतः करून पाहिली. दहावीही जमली तेव्हा ते उठले. शिडी आणली, दुकानाचे नाव असलेली पाटी उतरवली आणि त्या जागी एका लांब फळीवर तो दहा आकड्यांचा आकडा रंगवला. तेव्हापासून आमच्या दुकानाला नाव नाही, आकडा आहे.

आज ती फळी अशी दिसते:

__ ८ १ __ ५ ४ ७ २ ९ ०

येणारे-जाणारे समजतात की जुना फोन नंबर आहे आणि दोन आकडे उडालेत. एकाने अंदाजाने फोन लावूनही पाहिला होता. तो कोणी उचलला आणि काय बोलणे झाले ते त्याने मला सांगितले, पण त्याचा इथे संबंध नाही.

त्या दोन जागांपैकी एकीत तीन आणि एकीत सहा, इतके मला नक्की ठाऊक आहे. कशात कुठला, ते आठवत नाही. ‘तीन आठ एक सहा’ असे म्हणून पाहतो, चालीत बसते. ‘सहा आठ एक तीन’ म्हणून पाहतो, तेही बसते. हे ठाऊक असलेले माणूस एकच, माझी ताई, आणि ती माझ्याशी बोलत नाही. की मी तिच्याशी बोलत नाही, हेही आता खात्रीने सांगवत नाही. त्या जागा अशाच ठेवून जायची माझी तयारी नाही. या मृत्युपत्रातली खरी कळ ती आहे. बाकी घर, पैसे वगैरे ओघाने येईलच.

या दस्तातील कलमांना मी त्या फळीच्या क्रमाने क्रमांक देत आहे. वकीलबाईंचे म्हणणे, एक-दोन-तीन असे द्यावेत. मी म्हणालो, ते तर सगळेच देतात.

कलम __

(क्रमांक वरील कारणाने रिकामा.)

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असल्यास आठवत नाही. जे आठवत नाही ते सर्व मी याद्वारे रद्द करतो. ‘फक्त मृत्युपत्रांपुरते’ असे लिहा, असे वकीलबाई म्हणतात. लिहिले.

कलम ८

घर. खाली कारखाना, वर दोन खोल्या, जिन्याखाली एक कोनाडा ज्यात रंगांचे डबे असत आणि लहानपणी मी असे. हे घर मी माझी मुलगी आणि माझा मुलगा या दोघांना सारखे देतो. मुलगी रुग्णालयात क्ष-किरण यंत्रावर आहे, मुलगा विम्याच्या कचेरीत. तिला माणसाच्या आतले दिसते, त्याला माणसाच्या पुढचे दिसते. दोघे मिळून घराचे काय ते बघतील.

अट एकच. दारावरची फळी उतरवू नये, तिच्यावर दुसरा रंग देऊ नये. मुलाच्या मनात खालची जागा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाला भाड्याने द्यायचे आहे. द्यावे. त्या दुकानदाराने आपली पाटी फळीखाली लावावी. मागे मुलगा म्हणाला होता, “बाबा, तो आकडा जगाला ठाऊक आहे. फोनवर एका मिनिटात शोधून देतो, तीन आधी की सहा.” मी त्याला फोन खिशात ठेवायला लावला. असेल जगाला ठाऊक. पण आमच्या दारावर लागला तेव्हा जगातून कोणी विचारायला आले नव्हते. ताईने तो खडूने, गुडघे पांढरे करून मिळवलेला आहे, तो फोनमधून घरात आणायचा नाही.

हे कलम फळीवर दुसरे आणि वारसही दोन. म्हणून वकीलबाईंच्या कागदावर सहज वाटणी करून पाहिली. आधी तीन धरला तर अडतीस, प्रत्येकी एकोणीस. सहा धरला तर अडुसष्ट, प्रत्येकी चौतीस. दोन्हीकडे काही उरत नाही. म्हणजे काहीच कळले नाही.

कलम १

बँकेतली शिल्लक आणि मुदतीची ठेव यांचे तीन समान भाग करावेत: मुलगी, मुलगा आणि सून. सून का, असे कोणी विचारील. तिने माझ्या सगळ्या कविता ऐकल्या आहेत. माझ्या म्हणजे मी केलेल्या नव्हेत, शाळेत पाठ केलेल्या. आमच्या बाई टेबलावर पट्टीने ताल धरून चाल सांगत आणि अख्खा वर्ग एका सुरात म्हणे. त्यातल्या एकूण एक मला अजून येतात. माझी बायको, ती गेल्याला आता बरीच वर्षे झाली, दुसऱ्या कडव्याला झोपून जायची, आणि सकाळी म्हणायची की शेवट फार छान होता. सून शेवटपर्यंत जागी असते. कधी भाजी निवडत असते, पण जागी असते.

बाईंनीच सांगितले होते की ओळीत श्वास घ्यायची जागा ठरलेली असते, तिला यती म्हणतात. भलत्या ठिकाणी थांबले की ओळ मोडते. मला वाटते, ताईचा आकडा मला कळला नसूनही आवडला तो त्यामुळे. तो कुठेही थांबवा, मोडत नाही. एका आकड्यावर थांबा, चारांवर थांबा, सातांवर थांबा, जितके आले तितक्यांपुरता तो पुरा असतो. अशी कविता मी वाचलेली नाही.

वारस तीन, म्हणून तिघांत वाटून पाहिले. तीनशे एक्क्याऐंशी, प्रत्येकी एकशे सत्तावीस. सहाशे एक्क्याऐंशी, प्रत्येकी दोनशे सत्तावीस. इथेही दोन्ही जातात. वकीलबाईंनी घड्याळ पाहिले.

कलम

इथे माझा हात थांबला. ही फळीवरची चौथी जागा, दुसरी रिकामी. मी वकीलबाईंना म्हणालो, हेही कलम बिनक्रमांकाचे राहू द्या.

त्या म्हणाल्या, “काका, मघापासून वाटण्याच करताय ना तुम्ही? मग चौथ्यालाही वाटा की.”

मी म्हणालो, चौथ्यापाशीच तर मी लहानपणापासून उठून खिडकीशी जातो. त्या म्हणाल्या, “आज नका जाऊ.”

म्हणून सहा आठ एक तीन असे मांडले. सहा हजार आठशे तेरा. चौघांत वाटायचे म्हणजे आधी निम्मे करावे. निम्म्यातच एक उरला. पुन्हा केले, पुन्हा एक उरला. चौथ्या जागी तीन बसवला की संख्या विषम होते, आणि विषम संख्येचे धड दोन वाटे होत नाहीत, चार कुठले व्हायला. मग तीन आठ एक सहा मांडले. तीन हजार आठशे सोळा. निम्मे एक हजार नऊशे आठ. त्याचे निम्मे नऊशे चोपन्न. काही उरले नाही.

वकीलबाईंनी मला पाणी दिले.

तर या कलमाचा क्रमांक ६. पहिल्या कलमाच्या जागी मागे जाऊन ३ घालू लागलो, तेव्हा मृत्युपत्रात खाडाखोड चालत नाही म्हणून वकीलबाईंनी हात धरला. सबब त्या कलमाचा क्रमांक कागदावर रिकामा असला तरी तीन समजावा. आणि संपूर्ण आकडा, अक्षरी, असा: तीन अब्ज एक्क्याऐंशी कोटी पासष्ट लाख सत्तेचाळीस हजार दोनशे नव्वद.

आनंद व्हायला हवा होता. झाला का, ते सांगता येत नाही. मी विसरलो, फळी खरवडली गेली, बाबा गेले, पण आकडा स्वतःला विसरला नव्हता. त्याच्या दोन जागा पुसल्या तरी त्या भरण्याची एकच रीत उरत होती आणि ती फळीवर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. ताई सांगायची ती गोष्ट हीच असावी. ती म्हणायची, दहा आकडे दहा जागी मांडायच्या छत्तीस लाख अठ्ठावीस हजार आठशे रीती आहेत, आणि त्यांतली ही एकच चालते. मी म्हणायचो, इतक्या गर्दीत एकटाच? दुसरा असेल की कुठेतरी. ती चिडून म्हणायची, “असेल तर आण.” मी कधी आणला नाही.

पण मग हेही खरे की ताईला विचारायचे जे एक कारण माझ्यापाशी होते, ते आत्ता, या टेबलावर, संपले. कोणत्याही दुपारी संपवता आले असते. ते मी का संपवले नाही, याचा विचार करायला गेलो तर पुन्हा गोंधळ होतो, म्हणून पुढे जातो.

या कलमान्वये द्यायचे राहिले ते हे: बाबांचे आठ साचे, आहेत तसे, रंगाच्या पुटांसकट, मुलीला. नववा माझ्याकडे नाही. तो कोणाकडे आहे ते कलम ७ मध्ये येईल.

कलम ५

पाच हा आपल्याच जागी बसलेला आकडा आहे, पाचव्या जागी पाच. असे फळीवर तिघेच, पाच, सात आणि नऊ. बाकीचे सगळे दुसऱ्याच्या जागेवर. गल्लीतही साधारण तेवढेच प्रमाण आहे.

गल्लीतल्या लोकांना लहानसहान आठवणी: समोरच्या कुलूपवाल्याला पत्रा कापायची मोठी कात्री, जी तो दर आठवड्याला मागून नेतो आणि आपलीच समजतो. कोपऱ्यावरच्या शिंप्याला शिडी. त्याने त्या शिडीवरून माझ्या लग्नाच्या मांडवाचे दिवे लावले होते आणि पडला होता, तेव्हा तिच्यावर त्याचा हक्क आहे. दातांच्या डॉक्टरांना तीन पायांचा दिवा. चहावाल्याला दारापुढचे बाक, कारण त्याची गिऱ्हाइके त्यावरच बसतात. शाळेच्या शिपाईमामांना उरलेला पांढरा रंग, बाकांवरचे नंबर पुसट झालेत म्हणून. वकीलबाईंना बाबांची लाकडी पट्टी. “मला काही देऊ नका हो,” असे त्या म्हणेपर्यंत शाईने लिहून झाले होते, आणि खाडाखोड चालत नाही हे त्यांनीच सांगितले आहे.

कलम ४

माझ्या मागे रडारड नको. शाळेतले कवितांचे पुस्तक, ज्याला आता पुठ्ठा नाही आणि पहिली काही पाने नाहीत, ते सुनेला. त्यातली एक कविता तिने म्हणावी, कोणती ते तिला ठाऊक आहे. चाल बाईंची ठेवावी. मुलाने सूर लावू नये.

कलम ७

सात हा या सगळ्यांतला नखरेल सोयरा. दोनाने जाते का ते शेवटचा आकडा बघून कळते, तिनाने जाते का ते बेरीज करून कळते. नवव्यासाठी तर काहीच करावे लागत नाही. पहिल्या नऊ जागी एकपासून नवापर्यंत सगळे असले की बेरीज पंचेचाळीस, कसेही मांडा, नवाने जातेच. सातव्याला अशी कुठलीच सोपी युक्ती ताईला सापडली नाही. त्याच्यापाशी तिची मांडणी पुन्हा पुन्हा मोडायची. म्हणून हे कलम मी ताईच्या नवऱ्यासाठी राखले आहे.

तो घड्याळजी. पहिल्यांदा आला तो भिंतीवरच्या एका मोठ्या घड्याळाची तबकडी रंगवून घ्यायला. त्याला बारापर्यंत आकडे हवे होते, वेळ मात्र त्याच्यापाशी भरपूर होता. माझा आठ पाहून म्हणाला, “हा जरा कलंडलाय.” आठ कलंडलेला नव्हता. त्याचे डोके कलंडलेले होते, भिंग लावून बसायच्या सवयीने. पुढे त्याचे आणि ताईचे जमले. ते जमले त्याबद्दल माझे काही म्हणणे नव्हते.

बाबा गेल्यावर ताई आणि मी साचे वाटायला बसलो. वारस दोन, साचे नऊ. चार तिला, चार मला, आणि मध्ये राहिला तो तीन-सहाचा. तो दोन धरला तर दहा होतात आणि वाटणी बसते, पण पत्रा तर एकच. दोघांनाही तोच हवा होता. घड्याळजी दाराशी उभा होता. तो म्हणाला, “मग मधोमध कापा ना.” थट्टा असेल. बाबांच्या हातचा साचा, आणि हा म्हणतो कापा. मी काय बोललो ते आठवत नाही, आवाज मोठा होता इतके आठवते. मी चहा ठेवायला आत गेलो. बाहेर आलो तेव्हा ताई गेली होती आणि तीन-सहाचा साचा गेला होता. तिच्या वाट्याचे चारही माझ्या बाजूला सरकवून ठेवलेले होते. म्हणजे आठ माझ्याकडे, एक तिच्याकडे, आणि लुबाडला गेलो तो मी, असे मी सगळ्यांना सांगत आलो. आज लिहून पाहिले तर हिशेब नीट लागत नाही.

गल्ली म्हणाली, बहीण-भावात छत्तीसचा आकडा. त्यांना काय ठाऊक, छत्तीसचा तो अख्खा आकडा तिच्या पिशवीत गेला होता.

दारावरची फळी त्या वेळी नेमकी खरवडून ठेवली होती. ती दर काही वर्षांनी नव्याने रंगवायची आणि बाबांच्याच साच्यांनी रंगवायची, असा आमचा नेम होता. मी आठ आकडे रंगवले आणि दोन जागा सोडल्या. गिऱ्हाइकांसाठी पुढे मी तीन आणि सहा वेगवेगळे कापून घेतले. फळीवर ते चालवले नाहीत. परक्या हाताने लिहिल्यासारखे दिसले असते.

सबब घड्याळजीला माझ्या स्थावर-जंगमातून काहीही मिळू नये. खिळासुद्धा नाही. माझे बंद पडलेले मनगटी घड्याळही त्याच्याकडे दुरुस्तीला देऊ नये.

कलम २

ताईला मी तो आकडा देतो.

वकीलबाई म्हणाल्या, आकडा देता येत नाही. आकडा मालमत्ता नाही, तो कोणाच्याच मालकीचा नसतो. फळी देता येईल. मी म्हणालो, फळी घराची आहे, दारावरून ती हलणार नाही. त्या म्हणाल्या, “मग लिहा, की तो तिचाच होता.”

तो तिचाच होता.

कायद्याने या कलमाखाली ताईला काहीही मिळत नाही, असे वकीलबाईंनी नोंदवायला सांगितले आहे. पुढे बारीक अक्षरात त्यांनी काही लिहिले ते मला वाचता आले नाही.

कलम ९

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. अजून त्या नाही म्हणालेल्या नाहीत.

आता साक्षीदार. दोन लागतात, आणि ज्याला या मृत्युपत्रातून काही मिळते तो चालत नाही. हे वकीलबाईंनी मला आधी सांगायला हवे होते. कलम पाच वाचून पाहावे. गल्लीतल्या झाडून सगळ्यांना मी काहीतरी देऊन बसलो आहे. वकीलबाईंनी खिडकीतून खाली बघून एकेकाचे नाव घेतले आणि मी एकेकाला काय दिले ते सांगत गेलो. शेवटी डॉक्टरांकडे नव्याने लागलेला कंपाउंडर सापडला. त्याची आणि माझी ओळख कालची, म्हणून तो वाचला. तो बिचारा वर येऊन बसला आहे. दुसरा कोणी नाही. दुसरा मिळेपर्यंत हा सगळा कागद रद्दी आहे, असे वकीलबाई म्हणतात. शब्द जरा वेगळे होते.

“कुणीतरी असेल ना काका, ज्याला तुम्ही काही दिलं नाही?” त्यांनी विचारले.

मी म्हणालो, एकच आहे, पण तो यायचा नाही.

कलम ०

शून्य शेवटी येते आणि दहाव्याला सामावून घेते. संख्येच्या शेवटी शून्य लागले की ती दहा जणांत बिनबोभाट वाटली जाते, दहावा कोणीही असो. ताईला ही जागा सगळ्यांत सोपी गेली. मला कळत नाही ती हीच. स्वतःपाशी काही नसलेला एक आकडा येतो आणि आधीच्या नवांपैकी कोणाचे काही कमी न करता सगळ्यांचे जमवून देतो, हे कसे?

या कलमाखाली द्यायला माझ्याकडे काही उरलेले नाही. ते मोकळे ठेवतो.

स्थळ: माझ्याच घरी, वरच्या खोलीत, खिडकीजवळचे टेबल.
दिनांक: वकीलबाई घालतील. मला आज कुठला वार तेही सांगता येणार नाही.

सही: आकडेकाका

साक्षीदार पहिला: कंपाउंडर. सही नीटनेटकी आहे.

साक्षीदार दुसरा:

हा मजकूर सहीनंतरचा आहे, तो याच दस्ताचा भाग समजावा. वकीलबाईंची हरकत नाही.

सही करून मी पेन ठेवले तोच दार वाजले. कंपाउंडरने उघडले. दारात एक म्हातारा उभा होता, मान डावीकडे कलंडलेली, हातात कापडात गुंडाळलेले काहीतरी चपटे. जिना चढून धाप लागली होती. मानेवरून ओळखला.

त्याने नमस्कार-चमत्कार केला नाही. कापड सोडवले. आत बाबांचा साचा होता, तीन-सहाचा, कडेला अजून फळीचा तोच निळा रंग.

तो म्हणाला, “ती हल्ली बरंच विसरते. माझं नावसुद्धा. पण हे हातात घेऊन एकच विचारत बसते, आधी तीन की आधी सहा. मला बाराच्या पुढचं काही कळत नाही. म्हटलं, तुझ्या दारावर लिहिलेलं आहे, जाऊन बघू.” मग थांबून म्हणाला, “तर दारावरही नाही.”

मी विचारले, ताई कुठे आहे.

“खाली. फळीसमोर उभी आहे. जिना नाही चढवत तिला.”

मी म्हणालो, “तीन आधी. सहा चौथा.”

तो वळला, जिन्याच्या तोंडाशी गेला आणि खाली वाकून मोठ्याने म्हणाला, “तीन आधी. सहा चौथा.”

जिन्यातून आवाज वर आला, पूर्वीचाच, फक्त कोरडा झालेला:

“मग पुढचं म्हण की.”

मी खिडकीशी गेलो आणि बाईंच्या चालीवर तो आकडा म्हणायला लागलो.

साक्षीदार दुसरा: घड्याळजी. त्यांना या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही. सही करण्यापुरती बसायला खुर्ची दिली, ती देणगीत धरू नये.